फूल वर, शेंग खाली

कार्तिक महिन्याचा अखेरचा सोमवार आला, की बंगळुरातील बसवनगुडी या जुन्या वस्तीचे रूप पालटते. एरवी जिथे मोटारींची रांग हलता हलत नाही, त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस भुईमुगाच्या शेंगांच्या राशी लागतात. ओल्या शेंगांना चिकटलेल्या मातीचा आणि भाजत्या शेंगांच्या धुराचा मिळून एक संमिश्र गंध गल्लोगल्ली भरून राहतो. आणि दूरच्या खेड्यांतून आलेला विक्रेता माप ओतून झाल्यावर, गिऱ्हाइकाने हात पुढे करण्याआधीच, वर एक ओंजळ आपखुशीने टाकतो. कानडीत या जत्रेला ‘कडलेकायी परिषे’ म्हणतात. जत्रेचे दैवत म्हणजे टेकडीवरच्या देवळातील तो प्रचंड बसव. एकाच शिळेतून कोरलेला, सुमारे १५ फूट उंचीचा आणि तेलाच्या लेपांनी काळाभोर झालेला नंदी.

यंदा या जत्रेस मी शेजारच्या मामांबरोबर गेलो होतो. मामा म्हणजे भूमापनाच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. हयात मोजणीत गेल्यामुळे जगातील प्रत्येक वस्तूची हद्द, वहिवाट आणि खातेदार ठरलेला असलाच पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. आपले मूळ पुरुष शहाजीराजांच्या लवाजम्याबरोबर या मुलखात आले, असे त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात; त्याचा कागद मात्र मामांसारख्या कागदनिष्ठ माणसालाही अद्याप गवसलेला नाही. बरोबर त्यांची भाची होती; ती येथल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि हद्द या शब्दावरच तिचा मुळात विश्वास नाही. दर्शन आटोपून, शेंगांच्या पुड्या घेऊन आम्ही देवळालगतच्या ब्यूगल रॉकवर, म्हणजे सुमारे ३०० कोटी वर्षे वयाच्या त्या करड्या खडकावर, बैठक मारली. आणि टरफलांबरोबर वादालाही तोंड फुटले.

मामा : या बसवाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ही वस्ती सुंकेनहळ्ळी नावाचे खेडे होती, त्या काळी एक मस्तवाल वळू रात्री-अपरात्री शेतात शिरून भुईमूग फस्त करी. एका शेतकऱ्याने संतापून त्याला सोटा हाणला, तो वळू जागच्या जागी शिळा होऊन बसला. बरे, शिळा होऊन तरी स्वस्थ बसावे! ती शिळा दिवसेंदिवस वाढू लागली. तेव्हा भ्यालेल्या लोकांनी शंकराचा धावा केला, बसवाच्या कपाळाशी त्रिशूळ रोवला, आणि वाढ थांबली. पुढे दर वर्षी पहिले पीक त्याला वाहण्याचे ठरले. त्याच्याच पायाशी वृषभावती नदी उगम पावली असे म्हणतात. मला विचाराल, तर ही मनुष्य आणि निसर्ग यांच्यातील कबुलायत आहे. एका बाजूने हद्द कायम झाली, दुसऱ्या बाजूने सालाचा धारा ठरला, आणि दोन्ही पक्ष सुखी झाले.

भाची : मामा, कबुलायतीच्या वेळी भुईमूग हजर होता का, हे आधी तपासून घ्या. हे देऊळ १५३७ च्या सुमारास हे शहर वसवणाऱ्या केंपेगौडाने बांधले असे मानतात. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीज गलबतांबरोबर तो आपल्याकडे आला तो सोळाव्या शतकात, आणि या भागात शेतोशेती पसरला तो एकोणिसाव्या शतकात. तेव्हा वळू जुना असला, तरी त्याने खाल्लेले पीक मागाहून गोष्टीत शिरलेले दिसते. गंमत अशी, की या परक्याला नाव देताना आपण मराठी माणसांनी त्याला भुईतला मूग ठरवले, आणि कानड्यांनी कडले म्हणजे हरभऱ्याच्या गोतात बसवले. नाते लावल्याखेरीज पंक्तीला घ्यायचे नाही, ही आपली जुनी रीत.

मामा : तू माझीच बाजू मांडते आहेस, पोरी! मी तेच म्हणतो, की इथे ज्याला लोक निसर्ग म्हणून कुरवाळतात, तो मुळात माणसाच्या हातची करणी आहे. हे पठार एके काळी काटेरी झुडपांचे होते. तळी खोदली ती माणसांनी, आणि तळ्यांखाली बागाईत उभे केले तेही माणसांनी. लालबागेचा पाया १७६० साली हैदरअलीने घातला. चैत्र-वैशाखात ज्याच्या लालीने रस्ते पेटतात तो गुलमोहर मादागास्करचा. जॅकरंडा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेकडचे. एक झाड मावळले, की दुसरे फुलावे, म्हणजे शहराला बाराही महिने बहर राहावा, ही योजना गुस्ताव्ह क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाची. ड्रेस्डेनजवळचा हा गृहस्थ लंडनच्या क्यू उद्यानातून १८९३ मध्ये थेट सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास आला, आणि तिथला अनुभव गाठीशी बांधून १९०८ मध्ये म्हैसूर दरबाराच्या चाकरीत लालबागेवर रुजू झाला. ज्या फुलोऱ्याला आज सारे निसर्गाची कृपा म्हणतात, त्याची टाचणे कोणा बागवानाच्या टेबलावर झालेली आहेत, हे विसरून कसे चालेल?

भाची : टाचणे त्याने केली, हे कबूल, पण झाडे जगली ती इथल्या मातीने आणि हवेने त्यांना ठेवून घेतले म्हणून. आणि तळ्यांचे म्हणाल, तर हा हुकूम पठाराचा आहे, केंपेगौडाने फक्त तामील केला. हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांवर, एका उंचवट्याच्या माथ्यावर वसलेले. बारमाही नदी जवळ नाही. पाऊस पडला, की पाणी तीन खोऱ्यांनी तीन वाटांना पळून जाते. अशा ठिकाणी राहायचे, तर उताराला ठायी ठायी बांध घालून पाणी अडवावे, वरचे तळे भरले की खालच्यात सोडावे, याला दुसरा इलाजच नव्हता. माणसाने निसर्ग घडवला असे तुम्ही म्हणता. मला दिसते ते असे, की उताराने माणसाला कुदळ हाती घ्यायला लावली.

मामा : हा शब्दांचा खेळ झाला. उतार सगळीकडेच असतो. कुदळ सगळेच घेत नाहीत.

भाची : मग उंदराचे उदाहरण घ्या, त्याला तर कोणी टाचण करून बोलावले नव्हते. १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण घोडदळ अधिकारी इथल्या छावणीत राहायला आला. गुलाब लावावेत, फुलपाखरे धरावीत, अशी त्याची दिनचर्या. साठ-पासष्ट जातींची फुलपाखरे त्याने जमवली, आणि एका रात्री एका उंदराने पेटीत शिरून सगळा संग्रह गट्ट केला. चर्चिलसाहेबाने तो उंदीर पकडून आपल्या कुत्र्याकडून मारवला. त्या कुत्र्याचे नावही विन्स्टनच होते. पण उंदरांचा हिशेब एवढ्यावर मिटत नाही. त्याच साली मुंबईत प्लेग उद्भवला, आणि दोन वर्षांनी, म्हणजे १८९८ मध्ये, आगगाडीच्या वाटेने तो बंगळुरात पोचला. जुन्या पेठेतली दाट घरे, कोंदट बोळ, धान्याची कोठारे. उंदरांना याहून सुखाचे घर कोणते? माणसे पटापट मेली. उरली ती रानात झोपड्या बांधून राहिली. त्या धास्तीतून मोकळ्या जागी, रुंद रस्त्यांच्या, घरामागे सफाईची गल्ली सोडलेल्या नव्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या. एक मल्लेश्वरम आणि दुसरी आपण बसलो आहोत ती बसवनगुडी. ज्या टुमदार बंगल्यांचे आणि त्यांच्यापुढच्या नारळांचे तुम्ही कौतुक करता, ते एका पिसवेच्या भीतीने आखलेले आहेत. शहरात प्लेगम्माचे देऊळ आहे ते उगीच नव्हे.

मामा : आखले ते माणसानेच ना?

भाची : आणि शहाजीराजांचा शेवट कोणत्या लढाईत झाला, मामा?

मामा : (किंचित थांबून) लढाईत नव्हे. १६६४ साली होदिगेरेस, शिकारीत, घोड्यावरून पडून.

भाची : विजापूरकरांच्या दरबारात आणि निजामशाहीच्या पडझडीत ज्याला कोणी पाडू शकले नाही, त्या पुरुषाला एका जनावराच्या अडखळत्या पायाने पाडले. याहून अधिक मी काय सांगू?

मी : तुम्ही दोघे कर्ता कोण याचा निकाल मागता आहात, मला वाटते, खटलाच निराळा आहे. माणसाने उताराला उत्तर म्हणून तळे बांधले, तळ्याने माणसाला बागाईत दिले, बागाइताने गाव वाढवले, गावाने आणखी तळी बांधली. येथवर देवघेव सुरळीत दिसते. ती बिघडली कुठे, तेवढे मामांनी सांगावे. मोजणीच्या निमित्ताने त्यांनी हा सगळा मुलूख पायांखाली घातला आहे.

मामा : (शेंग हातात तशीच ठेवून) सांगतो. जुन्या काळी प्रत्येक तळ्याला एक नीरगंटी असे. पाणी किती सोडायचे, कोणाच्या शेताला आधी, कोणाच्या मागाहून, तूबू, म्हणजे तळ्याचे पाणी सोडायचे दार, केव्हा उघडायचा आणि बांधाला कुठे पाझर फुटला आहे, हे त्याला दप्तर न बघता ठाऊक. उन्हाळ्यात तळे आटले, की गावकरी गाळ काढून आपापल्या शेतात नेत. तळे खोल होई, शेत सकस होई. पाणी पिणारा, पाणी वापरणारा आणि पाण्यावर नजर ठेवणारा, हे सगळे एकाच शिवारात राहत होते. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्कावतीवरच्या हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आले. आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर दुरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची चढवून, आपल्या नळाला येऊ लागले. घरात पाणी आले, तसा तळ्याचा काठ ओस पडला. ज्याची गरज नाही, त्याचा बंदोबस्त कोण ठेवणार? धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक झाले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. मी स्वतः कितीतरी ठिकाणी जुन्या नकाशावर ‘केरे’, म्हणजे तळे, असे लिहिलेले वाचले आहे आणि जागेवर मुलांना क्रिकेट खेळताना पाहिले आहे. नव्या नकाशावर ते नाव मी गाळले. जे नाही ते कसे लिहायचे?

भाची : पण सगळ्यांनी गाळले नाही, मामा. चैत्री पौर्णिमेला करगा निघतो. तिगळ लोक, म्हणजे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या तळ्यांच्या पाण्यावर बागा पिकवल्या, ते द्रौपदीच्या नावाने हा उत्सव करतात. संपंगी तळे बुजले, वर क्रीडांगण आले, तरी एका कोपऱ्यात तळ्याचा कुंडाएवढा अंश राखलेला आहे आणि करग्याचे विधी अजून त्या पाण्याशी होतात. तुमच्या दप्तरातून तळे खारीज झाले, पण माळ्याच्या वहिवाटीतून झाले नाही. आणि खुद्द पाण्याच्या वहिवाटीतून तर नाहीच नाही! सप्टेंबर २०२२ मधला पाऊस आठवा. पाणी तळ्यातून तळ्यात नेणारे मोठे कालवे, म्हणजे राजकालुवे, आपण बुजवले, वळवले, त्यांवर घरे उठवली. पाण्याला त्याची वर्दी नव्हती. ते आपल्या जुन्या पत्त्यावर आले. शहराच्या पूर्व भागात लक्षावधी रुपये पगाराचे संगणकतज्ज्ञ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेरीला गेले. काही पिढ्यांपूर्वी याच रस्त्याने ट्रॉलीऐवजी बैलगाडी आणि माणसांऐवजी नाचणीची पोती गेली असतील. पाण्याच्या लेखी फारसे काही बदलले नव्हते.

मामा : म्हणजे आता तरी कबूल कर, की बिघडवले माणसाने, तर दुरुस्तही माणूसच करील. कावेरीची हकीकत घे. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज काढून ती ९२ मैल तारेवरून नेली, कोठे? कोलारच्या सोन्याच्या खाणींना. बंगळुराच्या रस्त्यांना दिवे मिळाले ते त्यानंतर तीन वर्षांनी. पुढे खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. कोलार म्हणजे पिढीजात दुष्काळी. तिथली तळी कोरडी ठणठणीत. २०१८ पासून बंगळुराच्या कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातले सांडपाणी शुद्ध करून पंपांनी कोलारच्या तळ्यांत सोडतात. आणि आजूबाजूच्या विहिरींना पाणी वर आले. एकच कावेरी, पण पहिल्यांदा कोलारला गेली ती वीज होऊन, आणि दुसऱ्यांदा गेली ती लाखो लोकांच्या स्वयंपाकघरांतून आणि न्हाणीघरांतून वाट काढत. कोणत्या नदीच्या नशिबी असा प्रवास होता? हे माणसाचे कर्तृत्व नव्हे, तर काय?

भाची : कर्तृत्व खरेच. पण त्याच खोऱ्यात वाटेवर बेळ्ळंदूर तळे आहे, त्याचे नाव तुम्ही का घेत नाही? आपण घरोघर कपडे धुतले, भांडी घासली, आणि साबणाचे पाणी मोरीत ओतून निर्धास्त झालो. तो सगळा साबण बेळ्ळंदुरात जमला आणि सांडव्याशी त्याचा फेस उठला; असा तसा नव्हे, वाऱ्याबरोबर रस्त्यावर येऊन गाड्यांच्या काचा झाकणारा. मग तळ्यालाच आग लागली. एकदा नव्हे, अनेकदा. जानेवारी २०१८ मध्ये तर ती विझवायला लष्कराचे हजारो जवान आणावे लागले. पाण्याला आग लागली हे आपण म्हणीत ऐकतो. या शहराने ते डोळ्यांनी पाहिले. आणि तो फेस म्हणजे कोणा राक्षसाची करणी नव्हती. आपल्याच कपड्यांचा मळ होता, फक्त आपल्या दारापासून दूर जाऊन मोठा झालेला. तुमची ती वाढणारी शिळाच म्हणा ना!

मी : ‘दूर जाऊन’ असे म्हणालीस, तिथेच मला थांबावेसे वाटते.

भाची : मलाही, काका. आमच्याकडे बांबूची एक हकीकत सांगतात. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ पुण्याचे. पण त्यांचे मोठे काम इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. १९७० च्या दशकात कागदाच्या गिरण्यांना बांबू पुरेना, तेव्हा रानातला बांबू का खंगतो याचा शोध त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. कळकाच्या बेटाला बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. शास्त्रोक्त देखभाल म्हणून ते जाळे साफ करण्याची शिफारस होती, म्हणजे बेटाला मोकळी हवा मिळेल. खेडूत मात्र सांगत होते, की साहेब, काटे काढू नका, बेट मरेल. मोजमाप केल्यावर खेडुतांचे म्हणणे खरे निघाले. काटे गेले, की कोवळ्या कोंबांपर्यंत गुरांचे आणि रानातल्या जनावरांचे तोंड पोचते. नवे कोंब वाचत नाहीत, आणि काही वर्षांत बेट बसते. शिफारस लिहिणारा काही मूर्ख नव्हता. तो फक्त दूर होता. खेडूत रोज त्या बेटाजवळून जात होता.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांनी पुडीतली एक ओली शेंग काढली, तिला देठाशी अजून सुकलेल्या तंतूसारखी आरी चिकटून होती, आणि ती भाचीपुढे धरली.

मामा : तुझ्या शास्त्रात हिला काय म्हणतात?

भाची : शास्त्रात काहीही म्हणोत, आपले शेतकरी म्हणतात भुईमुगाला आऱ्या सुटल्या. पिवळे फूल वर उजेडात उमलते, आणि फलधारणा झाली, की त्याच्या बुडाची ही आरी वाकून जमिनीत शिरते. शेंग भरते ती अंधारात. फूल पाहणाऱ्याला शेंग दिसत नाही. शेतकऱ्याला ती दिसते, कारण त्याला भर कधी घालायची हे ठाऊक असते.

मामा : म्हणजे आपले फूल शहरात आणि शेंग...

भाची : बेळ्ळंदुरात. कोलारात. बैरमंगलात.

मामा : बैरमंगलात काय?

भाची : येता येता दाखवते.

उन्हे उतरली तेव्हा आम्ही उठलो. जाताना मामांनी, कोणी पाहत नाही असे समजून, पुडीतली मूठभर शेंग बसवाच्या पायाशी ठेवली. सालाचा धारा भरल्याप्रमाणे. भाचीने पाहिले, पण ती काही बोलली नाही. गाडी तीच चालवत होती. म्हैसूर रस्त्याला लागल्यावर डाव्या हाताला दगडी कठड्यांमधून एक काळेभोर, संथ पाणी वाहताना दिसू लागले, आणि त्याचबरोबर तो वास आला. मामांचा हात आपसूक काचेच्या बटणाकडे गेला.

“हीच वृषभावती,” भाची म्हणाली. “आपण ज्याच्या पायाशी शेंगा वाहिल्या, त्याच्याच पायाशी उगम पावलेली. अर्ध्या शहराचा मैला घेऊन ती बैरमंगलच्या तळ्यात जाते. तिथल्या शेतकऱ्यांचे भात मागे पडले. या पाण्यावर ते गुरांचा चारा करतात, आणि त्या चाऱ्याचे दूध सकाळी पुन्हा शहरात येते. मामा, काच वर करू नका.”

मामांनी हात मागे घेतला. सिग्नलला गाडी बराच वेळ उभी होती. शेजारच्या प्रत्येक मोटारीच्या काचा वर होत्या. आमच्याच तेवढ्या उघड्या राहिल्या. मामांनी खिशातून रुमाल काढला, नाकाशी नेला, आणि मग काय वाटले कोण जाणे, घडी करून पुन्हा खिशात ठेवून दिला.